स्प्रिंगचे चित्र आणि कामगाराचे ज्ञान



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या तोंडाशी, संध्याकाळी, गावाने एकत्र बसून चार विचार ऐकावयाचे हा परिपाठ तेव्हापासून महाराष्ट्रात पडला आणि तो आपल्या अंकुशनगरपर्यंत येऊन पोहोचला. चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही वेतनकरारावर बोलू, बोनसवर बोलू, फार तर कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू. आम्ही विषय कळवला तो असा : लांबी कमीजास्त करता येणाऱ्या स्प्रिंगचे चित्र संगणकावर कसे काढावे. चालकांनी दोन वेळा विचारणा केली की कागद चुकून दुसरा तर आला नाही ना. कागद बरोबर होता. शिवाय इंग्रजीत वसंत ऋतूला आणि स्प्रिंगला शब्द एकच आहे, तेव्हा व्याख्यानमालेच्या नावाला तरी आम्ही सोडून नाही.

आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही आले ते लेथच्या कडेला उभे राहून आणि युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके उघडून आले. म्हणून आज जे सांगावयाचे ते विद्वानाच्या थाटात सांगता येणार नाही. कामगार कामगाराला सांगतो तसे सांगणार आहोत. येथे बसलेल्या भगिनींपैकी ज्यांचा कारखान्याशी संबंध फक्त भोंग्यापुरता आहे त्यांनाही ते समजावे अशी आमची खटपट राहील.

प्रथम स्प्रिंग म्हणजे काय ते पाहू. आपल्या खिशातील बॉलपेन उघडले तर तीत एक आहे. सायकलच्या सीटखाली आहे, मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ आहे, ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये आहे. साखर कारखान्यात बॉयलरच्या माथ्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफेचा दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि वाफ मोठ्याने आवाज करीत बाहेर पडते. तो व्हॉल्व्ह दाबून धरणारी वस्तू बहुधा एक स्प्रिंगच असते. खाली शेकडो माणसे काम करीत असतात आणि त्यांच्या जिवाची राखण गुंडाळलेल्या एका तारेवर सोपविलेली असते. व्हॉल्व्हचा दाब कोणी ठरवावा, कोणी तपासावा यासाठी सरकारला कायदा करावा लागला : आधी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा, आणि त्याच्या जागी आता २०२५ चा. स्प्रिंग ही वस्तू लहान असली तरी तिच्यावरील भार लहान नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता या तारेचा स्वभाव पाहावा. इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. स्प्रिंगचा नियम त्याला सापडला. पण दुसऱ्या कोणी तो पळवू नये म्हणून त्याने १६७६ साली तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, आणि कोड्याचा उलगडा १६७८ साली केला. नियम सोपा आहे. जेवढा भार, तेवढी दाब. एक किलोने एक मिलिमीटर दबली तर दोन किलोने दोन मिलिमीटर दबेल. हूकने नियम दोन वर्षे कोड्यात ठेवला. आमच्या कारखान्यांतून कित्येक ड्रॉइंगे कुलपात ठेवलेली असतात, त्यांना मात्र वर्षांची मर्यादा नसते. हा मुद्दा पुढे येईल.

एका मिलिमीटरला किती किलो लागतील, हे चार गोष्टींवर ठरते : तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, मोकळ्या वेढ्यांची संख्या आणि धातूची जात. यांचा हिशेब मांडण्याचे एक सूत्र आहे. पोलादाचा आकडा सुमारे ८००० किलो दर चौरस मिलिमीटरला असा धरावा. त्याला तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने गुणावे. मग वेटोळ्याच्या मध्यव्यासाचा घन, वेढ्यांची संख्या आणि ८ यांच्या गुणाकाराने भागावे. उदाहरण घेऊ. तार १० मिलिमीटर, मध्यव्यास ६०, मोकळे वेढे ६. उत्तर येते ७.७. म्हणजे ही स्प्रिंग एक मिलिमीटर दाबावयाची तर ७.७ किलो भार हवा. ३० मिलिमीटर दाबावयाची तर २३१ किलो. आजच्या भाषणभर आपण हीच स्प्रिंग डोळ्यांपुढे ठेवू.

या सूत्रात तारेची जाडी चौथ्या घातात आहे, हे विसरू नये. तार १० च्या जागी ९ मिलिमीटर घेतली, बाकी सर्व तसेच ठेवले, तर ७.७ चे ५.१ होतात. जाडी दशांशाने कमी झाली आणि जोर मात्र एकतृतीयांशाने गेला. डोळ्याला हा फरक कळत नाही. हातात धरून दोन्ही स्प्रिंगा सारख्याच वाटतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जुन्या मिस्त्रींनाही नवी वाटते. पोलाद चांगले की साधे, यावर स्प्रिंगचा हा जोर जवळजवळ ठरतच नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधली साधी सळई घेऊन तिची स्प्रिंग वळली तरी पहिल्या काही मिलिमीटरना ती खऱ्या स्प्रिंगइतकाच विरोध करील. फरक पडतो तो पुढे. साधे पोलाद लवकर हार खाते, दबते ते दबलेलेच राहते; मिस्त्री म्हणतात, स्प्रिंग बसली. स्प्रिंगचे पोलाद पुष्कळ सोसून पुन्हा मूळ लांबीवर येते. तेव्हा जोर किती ते माप ठरवते, आणि टिकेल किती ते धातू ठरवतो. या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे बाजारात फसगत होते.

आता लांबी कमीजास्त करण्याकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकल आहे. मागे दोन माणसे बसावयाची असली की मेकॅनिक शॉकॲब्सॉर्बरच्या कड्याला पाना लावतो आणि ते एक-दोन खाचा फिरवतो. आपण समजतो की स्प्रिंग कडक झाली. वस्तुतः ती कडक झालेली नसते. तार तीच, व्यास तोच, वेढे तेवढेच. मग एका मिलिमीटरला लागणारा भार बदलणार कसा? झाले एवढेच की स्प्रिंगचे एक बूड पुढे सरकले आणि ती आधीपासून थोडी दबून बसली. आपल्या उदाहरणातील स्प्रिंग १० मिलिमीटर दाबून बसविली तर तिच्यावर ७७ किलोंचा भार आधीच येतो. १५ दाबून बसविली तर सुमारे ११६ किलोंचा. त्यानंतरच्या प्रत्येक मिलिमीटरला ७.७ किलो, हे दोन्ही वेळा सारखेच. गाडीची सीट वर येते आणि दोन माणसे बसली तरी चाक मडगार्डला घासत नाही, इतका त्याचा उपयोग. सेफ्टी व्हॉल्व्हच्या माथ्यावरील नट फिरवतात तेही याच तत्त्वावर.

आणि हे सारे आपल्यापासून दूर कोठे विलायतेत घडते असे नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्यांची वसाहत वाढली. शॉकॲब्सॉर्बर करणारे मोठे कारखानेही तेथे आहेत. अंबड-घनसावंगीकडची कितीतरी मुले तेथे पाळीला जातात. आपल्या गावातला मुलगा दिवसभर शेकडो स्प्रिंगा हातांखालून घालवतो. पण त्या स्प्रिंगेचे चित्र कोणी काढले, त्यातला कोणता आकडा बदलला तर काय होईल, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याने विचारले तर त्याला सांगतात की तुझे काम कर.

ते चित्र कसे काढतात ते आता सांगतो.

पूर्वी ड्राफ्ट्समन टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन कागदावर स्प्रिंग काढीत असे. ती बहुधा खूण म्हणून काढलेली असे : चार तिरप्या रेघा वर, चार खाली, आणि शेजारी आकडे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने चित्र काढून दाखविले. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव स्केचपॅड. १९८२ साली ऑटोकॅड निघाले आणि ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत गेले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९८८. त्या वर्षी प्रो-इंजिनियर नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि त्याने आकड्यांशी बांधलेले चित्र रूढ केले. आकडा बदला, चित्र आपणहून बदलते. आज अशा प्रकारची सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. बहुतेकांना भारी परवाना लागतो. फ्रीकॅड नावाचे एक आहे, ते कोणालाही फुकट मिळते. युर्गेन रीगल आणि वेर्नर मायर या दोघांनी ते २००२ च्या सुमारास सुरू केले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० ही आवृत्ती निघाली. युनियनच्या कचेरीतल्या साध्या संगणकावर आम्ही तेच वापरतो.

स्प्रिंग काढण्याची वाईट रीत आधी सांगतो, कारण ती फार प्रचलित आहे. नवशिका मुलगा १४० मिलिमीटर लांबीची स्प्रिंग काढतो. मग त्याला ती यंत्रात ११० मिलिमीटरमध्ये बसलेली दाखवावयाची असते. तो काय करतो? सबंध चित्रच उभ्या दिशेने दाबून लहान करतो. पडद्यावर ती ठीक दिसते. पण जवळ जाऊन पाहिले तर गोल तार चपटी झालेली असते. खऱ्या स्प्रिंगेची तार दबत नाही, तिच्यातले अंतर दबते. असे चित्र खोटे आहे.

दुसरी रीत म्हणजे दोन चित्रे करून ठेवणे, एक मोकळ्या स्प्रिंगेचे आणि एक दबलेल्या स्प्रिंगेचे. ही रीत खोटी नाही, पण धोक्याची आहे. पुढे कोणी तार बदलली की तो एका चित्रात बदल करतो आणि दुसरे तसेच राहते. सहा महिन्यांनी त्यांतले खरे कोणते हे कोणालाच सांगता येत नाही.

खरी रीत अशी. चित्र काढण्यापूर्वी एक छोटा तक्ता मांडावा. त्यात चार आकडे : तार १०, मध्यव्यास ६०, मोकळे वेढे ६, लांबी १४०. पहिले तीन आकडे वस्तूचे आहेत, ते स्प्रिंग तयार झाल्यावर बदलत नाहीत. चौथा आकडा जागेचा आहे, तो स्प्रिंग जेथे बसते त्या जागेप्रमाणे बदलतो. हा भेद ज्याला कळला त्याला निम्मे काम आले.

पाचवा आकडा आपण द्यावयाचा नाही, तो संगणकाला काढू द्यावयाचा. तो म्हणजे एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्यापर्यंतचे अंतर, ज्याला कारखान्यात पिच म्हणतात. स्प्रिंगेच्या दोन्ही टोकांना एकेक वेढा मिटवून घासून सपाट केलेला असतो, म्हणजे ती नीट उभी राहते. त्या दोन वेढ्यांचे मिळून तारेच्या दुप्पट, म्हणजे २० मिलिमीटर लांबीतून वजा करावेत आणि उरलेल्याला ६ ने भागावे. लांबी १४० असता १२० भागिले ६, पिच २०. लांबी ११० केली की ९० भागिले ६, पिच १५. लांबी ८० केली की ६० भागिले ६, पिच १०. येथे थांबावे. पिच १० आणि तारही १०. म्हणजे वेढ्यावर वेढा टेकला. याच्या पुढे स्प्रिंग दबत नाही. आता ती नुसता लोखंडाचा ठोकळा झाली.

तक्ता झाल्यावर चित्र. आधी एक मळसूत्री रेघ काढावी : खाली एक मिटलेला वेढा, मध्ये सहा मोकळे, वर पुन्हा एक मिटलेला. या रेघेच्या टोकाशी १० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ उभे करावे आणि ते रेघेवरून शेवटपर्यंत फिरवीत न्यावे. चकलीच्या सोऱ्यातून पीठ बाहेर पडते आणि हात फिरतो तशी चकली होते. तसेच हे, फक्त सपाट न फिरता वर चढत जावयाचे. शेवटी दोन्ही टोके रेघेच्या पातळीवर सपाट कापावीत, म्हणजे तारेची अर्धी जाडी घासली जाते आणि लांबी तक्त्यातल्या आकड्याशी बरोबर जुळते. आता तक्त्यात १४० पुसून ११० लिहिले की पडद्यावरची स्प्रिंग आपणहून दबते. तार गोलच राहते, वेढे आठच राहतात. हा लांबीचा आकडा यंत्राच्या चित्रातील दोन बुडांच्या अंतराशी जोडला की कडे फिरवावे तशी स्प्रिंग दबते आणि सुटते. एक वस्तू, एक चित्र, एक तक्ता.

दोन बारकावे सांगतो, कारण करून पाहणाऱ्याला तेथेच ठेच लागते. पहिला असा की वेढे जेथे एकमेकांना बरोबर टेकतात तेथे संगणक गडबडतो, त्याला दोन वेढे वेगळे धरावेत की एक हे कळत नाही. म्हणून मिटलेल्या वेढ्यांची पिच १० न देता किंचित जास्त, १०.०१ अशी द्यावी. दुसरा असा की स्प्रिंग दबली की तिचा घेर थोडा वाढतो. तारेची एकूण लांबी तेवढीच आहे. उंची कमी झाली तर ती तार जाणार कोठे? बाहेर. आपल्या स्प्रिंगेत ३० मिलिमीटर दाबेला मध्यव्यास सुमारे ०.१५ मिलिमीटरने वाढतो. एवढ्याशाने काय होते असे वाटेल. पण स्प्रिंग जर घट्ट नळीत बसविली असेल तर ती नळीला घासू लागते.

आता आम्ही युनियनवाले या फंदात कसे पडलो, ते सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखाना कोणता हे सांगण्याची गरज नाही, तो येथला नव्हे. तेथे एका यंत्राला तेल पुरविणाऱ्या पंपावर दाब राखणारा व्हॉल्व्ह होता. त्याची स्प्रिंग बसली म्हणून स्टोअरमधून नवी आली. फिटरने ती घातली. दाब दाखविणारे गेज दुरुस्तीला गेलेले होते, म्हणून वहीत लिहिल्याप्रमाणे नटाचे ठरलेले आटे मोजून त्याने व्हॉल्व्ह लावला. दोन दिवसांनी तेल कमी पडून बेअरिंग जळाले. फिटरवर आरोप आला की सेटिंग चुकविले. त्याला घरी बसविले. बावीस वर्षांची नोकरी, घरात लग्नाची मुलगी, आणि चौकशी अधिकारी विचारतो की आटे किती फिरवलेस याचा पुरावा काय.

आम्ही भंगाराच्या पेटीतून जुनी स्प्रिंग शोधून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा उंची तीच, घेर तोच. व्हर्नियर लावला. जुनीची तार ८ नंबरची, म्हणजे ४.०६ मिलिमीटर, नवीची ९ नंबरची, ३.६६ मिलिमीटर. फरक दशांशाचा. मग वर सांगितलेले सूत्र कागदावर मांडले, आणि ते नुसते कागदावर राहू नये म्हणून दोन्ही स्प्रिंगा चौकशी अधिकाऱ्यापुढे काट्यावर ठेवून सारख्याच दाबून दाखविल्या. नवी स्प्रिंग जुनीच्या दोनतृतीयांशापेक्षाही किंचित कमी जोर दाखवीत होती. आटे बरोबर मोजून लावलेला व्हॉल्व्ह तितक्याच कमी दाबावर उघडत होता. आटे चुकले नव्हते. खरेदीच्या कागदावर तारेचा आकडाच लिहिलेला नव्हता. तेथे लिहिले होते : नमुन्याप्रमाणे स्प्रिंग एक नग. फिटर कामावर परत आला.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. त्या कारखान्यात कोणी दुष्ट नव्हते. खरेदी करणाऱ्याने नमुना दिला, दुकानदाराने नमुन्यासारखी वस्तू दिली, फिटरने वहीप्रमाणे लावली. सर्वांनी आपापले काम केले आणि दोष येऊन पडला तो शेवटच्या माणसावर, कारण त्याच्या हातात पाना होता. जेथे आकडा लिहिलेला नसतो तेथे दोष नेहमी हातात पाना असलेल्या माणसाचा ठरतो. हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की आकड्यांशी बांधलेले चित्र हा कामगाराच्या हिताचा कागद आहे, हजेरीपटाइतकाच आणि पगारपत्रकाइतकाच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आमच्याच लोकांचा. ते म्हणतात, आमचे ज्ञान आमच्या बोटांत आहे. ते तक्त्यात लिहून दिले की मालकाला आमची गरज राहणार नाही. या भीतीला आम्ही हसत नाही. संगणक आला आणि ट्रेसिंग करणाऱ्यांची पिढीच्या पिढी घरी बसली, हे खरे आहे. पण बोटांतले ज्ञान लपवून ते टिकते, असा अनुभव नाही. जुना मिस्त्री निवृत्त होतो, त्याच्याबरोबर ते जाते, आणि मग कारखाना बाहेरच्या कंपनीचा माणूस बोलावतो. तो माणूस येतो, व्हर्नियर लावतो, संगणकावर चित्र काढतो आणि ते आपल्याबरोबर घेऊन जातो. पुढच्या वेळी तीच स्प्रिंग त्याच्याचकडून घ्यावी लागते. ज्ञान लिहिले म्हणून गेले असे नव्हे. ते दुसऱ्याने लिहिले म्हणून गेले. आपण लिहिले, आणि त्याची एक प्रत आपल्या हाती राहिली, तर करार करताना आपल्यापाशी बोलण्यासारखे काही असते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे ड्रॉइंग शिकवीत असत. पुढे त्यांनी नांगर केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. भांडवल त्यांच्यापाशी फारसे नव्हते. पण वस्तू मोजून तिचे चित्र काढता येणे आणि चित्रावरून वस्तू करता येणे, ही विद्या होती. ती विद्या मालकाला उपयोगी पडते तशी कामगारालाही पडेल. तिला जात नाही, वर्ग नाही.

दुसरा आक्षेप व्यवस्थापकांचा. ते म्हणतात, पडद्यावरचे चित्र बरोबर असले म्हणजे झाले, कामगाराने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय? त्यांना आमचे उत्तर असे की संगणक आज्ञाधारक आहे, शहाणा नव्हे. आपल्या तक्त्यात लांबी ६० लिहून पाहा. संगणक एका शब्दाने विरोध करणार नाही. वेढ्यात वेढा, लोखंडात लोखंड घुसलेले चित्र तो काढून दाखवील. ८० च्या खाली जाऊ नये ही मर्यादा तक्त्यात माणसाने घालावी लागते. आणि प्रत्यक्षात ८० पर्यंतही जाऊ नये, वेढ्यांमध्ये थोडी फट राहिली पाहिजे, हे ज्याने स्प्रिंगा तुटलेल्या पाहिल्या आहेत त्यालाच ठाऊक असते. तारेवर किती ताण आला, ती गंजली आहे काय, ऊन-वाफेने तिचा जोर उतरला काय, हे चित्राला कळत नाही. दबण्याची मर्यादा कोठे लिहावयाची, हे जो दाब सोसतो किंवा सोसताना पाहतो त्याला विचारून ठरवावे. ही गोष्ट स्प्रिंगेपुरती आम्ही सांगत आहोत. बाकीचे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

तर करावयाचे काय? आमची सूचना मोठी नाही. गाळपाचा हंगाम संपला की कारखान्यांतून यंत्रे उघडतात. त्या दिवसांत प्रत्येक खात्यातील दोन कामगारांनी आपल्या खात्यातील स्प्रिंगा मोजाव्यात : तार, घेर, वेढे, मोकळी लांबी, बसविलेली लांबी. तार मोजताना रंग आणि गंज खरवडून, तीन ठिकाणी मोजावी. प्रत्येकीचा तक्ता आणि चित्र करावे. तक्त्याखाली मोजणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. एक प्रत स्टोअरमध्ये, एक खात्यात. खरेदीच्या कागदावर 'नमुन्याप्रमाणे' हा शब्द पुन्हा येऊ नये. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र कोणी आपण होऊन हात लावू नये. तेथे कायदा आहे, निरीक्षक आहे, आणि त्यांचे सील आहे. तेथे आपण फक्त वाचावे आणि विचारावे.

शिकण्याची सोय आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील फॉसी नावाचा प्रकल्प अशा मोफत सॉफ्टवेअरांचा प्रसार करतो, आणि तेथीलच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने अनेक सॉफ्टवेअरांचे धडे मराठी आवाजात तयार केले आहेत. इंग्रजी येत नाही ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. आयटीआयची मुले आमच्याकडे येतात तेव्हा ती बोटे भराभर चालवतात, पण तार चार नंबर की आठ नंबर हे त्यांना हातात धरून कळत नाही. आमच्या जुन्या फिटरला ते कळते, पण त्याला माऊस धरवत नाही. दोघांना एका बाकावर बसविले की काम होते. पन्नाशी उलटल्यावर आम्ही शिकलो ते अशाच एका बाकावर.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तो रविवार त्यांनी विश्रांतीसाठी मागितला होता, आणि समाजाच्या कामासाठीही. त्यातले दोन तास आम्ही मागतो. दर रविवारी सकाळी नऊ वाजता युनियनच्या कचेरीत हा वर्ग भरतो. फी नाही, युनियनचे सभासद असण्याची अट नाही, वयाची तर नाहीच. भगिनींनी यावे; आमच्या वर्गात सर्वांत स्वच्छ तक्ता मांडते ती एका ऊसतोडणी करणाऱ्या जोडप्याची मुलगी आहे. येताना घरातली एखादी मोडकी स्प्रिंग बरोबर आणावी. व्हर्नियर आमच्याकडे आहे.